वजनकाट्याचा ब्रेक

सासूबाई रोज सकाळी अंघोळीआधी वजनकाट्यावर उभ्या राहायच्या आणि रोज त्याला शिव्या घालायच्या. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं, काटा ऐकत नव्हता. "हा मेला खोटं बोलतो, फेकून दे त्याला," असं त्या मला इतक्या वेळा म्हणाल्या, की एका रविवारी मी काटा उचलला, पालथा घातला आणि त्याचे स्क्रू काढायला बसले. फेकणार नव्हते. त्याच्या पोटात वजन ओळखणाऱ्या छोट्या पट्ट्या असतात, त्या मला हव्या होत्या. माझ्या ब्रेकसाठी.

हा ब्रेक रस्त्यावरच्या गाडीचा नव्हे. मी कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळते. टेबलाला स्टिअरिंग घट्ट बसवलेलं, पायाशी तीन पेडलं, समोर स्क्रीन, आणि शर्यतीत देशभरातले अनोळखी लोक. इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर हा नाद लागला, आणि पहिल्या पगारात मी जुना सेट विकत घेतला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील धुळ्याकडून सिल्वासाला सुताच्या कंपनीत आले, ते मशीनवरच म्हातारे झाले. माझा पदवीचा फोटो त्यांनी देवांच्याही वरच्या खिळ्याला लावलाय. मला त्याचा संकोच वाटत नाही. तो खिळा मी कमावलाय.

लग्नानंतर स्टिअरिंग आणि पेडलं घेऊन मी सिल्वासातच, डोकमर्डीच्या फ्लॅटमध्ये आले. नवरा मित्रांना सांगायचा, "सासऱ्यांनी गाडी दिली रे. स्टिअरिंग पोचलंय, बाकीची मागून येतेय."

त्या सेटचा ब्रेक म्हणजे पिकलेलं केळं होतं. बोट लावलं तरी तळाला. आणि तो चुकीची गोष्ट मोजायचा. पाय किती खाली गेला ते बघायचा. शर्यतीच्या गाडीत पाय किती जोरात दाबला त्याला महत्त्व असतं. म्हणून आधी मी पेडलामागे अर्धा कापलेला टेनिसचा चेंडू बसवला. तो चार शर्यतींत चपटा झाला. मग दारामागचा रबरी ठोकळा लावला, तर दार भिंतीवर आपटून प्लॅस्टर पडलं. शेवटी आमच्या कंपनीत एका मशीनखालचं रबर बदललं, त्याचा जुना तुकडा भंगारात निघाला, तो मी मागून घेतला. मी प्लास्टिकच्या कंपनीत क्वालिटीला आहे. रबर किती कडक आहे ते मोजायचं यंत्र माझ्याच टेबलावर असतं, त्यामुळे मोजूनमापून घेतला. पण गेटवर वॉचमनने पिशवी उघडली.

"मॅडम, ये क्या है?"

"रबर. ब्रेक के लिए."

"गाडी है आपके पास?"

"नहीं."

त्याने गेटपास उलटसुलट करून पाहिला आणि मला जाऊ दिलं. अजूनही मी दिसले की तो पिशवीकडे आधी बघतो.

रबर कडक, त्यामागे काट्याच्या पट्ट्या, त्यांना जोडलेलं छोटं सर्किट. आता ब्रेक दाबायला मांडीचं बळ लागायचं. इतकं, की प्रत्येक वळणावर माझी चाकांची खुर्चीच मागे पळायची. मग खुर्चीच्या पुढच्या दोन चाकांखाली नवऱ्याचे जुने सेफ्टी शूज ठेवले आणि पाठ लोखंडी कपाटाला टेकवली. ब्रेक लावला की कपाट घुमायचं. सासूबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "पोरी, काय पाडून राहिली तू?"

"काही नाही आई, वळण आलं."

काटा गेल्याचं त्यांना सोमवारी सकाळी कळलं. "अगं, फेकून दे म्हणजे काय खरंच फेकायचा असतो का?" त्या म्हणाल्या. नवऱ्याने त्यांना नवीन काटा आणून दिला. नव्या काट्यानेही तेच सांगितलं, त्यामुळे जुन्याची अब्रू तेवढी परत आली.

आणि माझे नंबर वर जायला लागले. आमच्या गटात मी पहिल्या पाचांत यायला लागले, तेव्हाच कंपनीने खानवेल रस्त्याला नवा प्लांट काढला. क्वालिटीची सगळी जबाबदारी मला द्यायची साहेबांच्या मनात होती. त्यांनी एकच विचारलं, "गाडी चालवता येते ना? आतल्या रस्त्याला बस नाही."

"येते," मी म्हणाले. आणि मला ते खरंच वाटत होतं.

नवऱ्याने नुकतीच जुनी गाडी घेतली होती. तो म्हणाला, "मी सोडीन की."

"आणि तुझी सेकंड शिफ्ट असेल तेव्हा?"

"तेव्हा... लवकर सोडीन."

बढती माझी आणि वेळापत्रक त्याचं, हे मला नको होतं. दोन महिन्यांच्या आत लायसन्स हातात नसेल, तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. मी ड्रायव्हिंग स्कूल लावलं.

तिथले उस्ताद भले माणूस, पण धास्तावलेले. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. रिक्षा दिसली की दाबला. गाय दिसली की दाबला. गाय लांब बसलेली असली तरी दाबला. "मॅडम, ब्रेक मेरे पास है, आप सामने देखो," हे त्यांचं पालुपद. मी सामने देखत राहिले. गिअर, क्लच, रिव्हर्स, सगळं पटापट आलं. उस्ताद खूश. "आपका हाथ तो पहले से बैठा है," म्हणाले. मी घरी येऊन हे तीनदा सांगितलं. माझा पाय एकदाही त्या गाडीच्या ब्रेकला धड लागला नव्हता, हे ना त्यांच्या ध्यानात आलं ना माझ्या.

परीक्षेला आमची स्वतःची गाडी नेली. शेजारी आरटीओचे साहेब, गुजराती, मांडीवर फाईल, फाईलवर चष्म्याचं घर. वळणं झाली, रिव्हर्स झाला. साहेब मान डोलवत होते. मग म्हणाले, "बस, यहाँ रोक दो."

मी रोकली. घरी रोकते तशी.

चष्म्याचं घर काचेवर, फाईल खाली, साहेब बेल्टमध्ये लटकलेले. गाडी बंद. मागे रांगेत उभी असलेली माणसं दचकून दोन पावलं मागे सरकली. साहेबांनी आधी चष्मा चाचपला, मग माझ्याकडे पाहिलं. "बेन, आ शूं कर्यूं?"

"ब्रेक."

"अगले हफ्ते आओ," ते म्हणाले आणि उतरताना दार फार हळू लावलं.

घरी नवऱ्याने पाण्याचा ग्लास दिला आणि तोंड दुसरीकडे केलं. त्याचे खांदे हलत होते.

"हस. हस तू," मी म्हणाले. "माझा ब्रेक बरोबर आहे. तुझ्या गाडीचाच चुकीचा आहे."

"कंपनीला पत्र लिहू का? म्हणावं, आमच्या मॅडमच्या मते तुमच्या सगळ्या गाड्या—"

"लिही."

पण हफ्ता एकच होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पेडलामागच्या पट्ट्या सोडवल्या, सायकलच्या ट्यूबने आमच्या गाडीच्या ब्रेकला बांधल्या, इंजिन चालू केलं आणि लॅपटॉप शेजारी बसलेल्या सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. आकडा वाचायचं काम त्यांचं. पार्किंगमध्येच गाडी चार हात पुढे घ्यायची आणि थांबवायची, असं सुरू झालं, तशी मुलं खेळायची थांबली.

"माझाच काटा ना हा?" त्यांनी विचारलं.

"तुमचाच."

"आता तरी खरं बोलतो का?"

बोलला. हळूच थांबायला त्या गाडीला जेवढा जोर लागत होता, त्याच्या पाचपट मी घरी बसून देत होते. रस्त्यावरच्या गाडीत ब्रेकला मदत करणारा भाग असतो, तो अर्ध्याहून जास्त काम स्वतःच करतो. हे मला इंजिनिअरिंगच्या परीक्षेला आलं होतं, आणि मी त्याची आकृती काढून पूर्ण मार्क घेतले होते. डोक्याला माहीत होतं. पायाला कोणी सांगितलं नव्हतं.

सासूबाईंनी आकडा पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "ब्रेक दाबायचा असतो पोरी. तू तर लाथ घालून राहिली."

मग वर येऊन मी ते मशीनचं रबर काढलं. जागी भांडी घासायचा नवा स्पंज बसवला, आणि गाडीत मोजलेला आकडा म्हणजेच पूर्ण ब्रेक, असं सेटिंग केलं. आठवडाभर सासूबाई खुर्चीशेजारी पाट टाकून बसल्या. मी शर्यतीतल्या गाडीने नुसती सिग्नलला थांबल्यासारखी थांबायचे, आणि त्या स्क्रीनवरचा आकडा बघून ओरडायच्या, "जास्त! परत जास्त! अगं, खा कमी!" इतकी वर्षं काट्याकडून ऐकून घेतलं, आता त्यांची पाळी होती, आणि त्यांनी ती सोडली नाही.

रविवारी आमच्या गटाची मोठी शर्यत होती. रबर परत बसवायला वेळ लागत नाही. मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि ठेवून दिला. स्पंजवरच शर्यत केली. पहिल्याच वळणाला सरळ वाळूत गेले, शेवटून दुसरी आले. एकाने चॅटमध्ये लिहिलं, 'आज ताई की जगह कौन चला रहा है?' मी कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या परीक्षेला तेच साहेब. त्यांनी मला ओळखलं. फाईल मागच्या सीटवर ठेवली, चष्मा खिशात घातला, आणि 'रोक दो' म्हणायच्या आधी डावा हात डॅशबोर्डवर टेकवला. मी थांबवली. ते हात तसाच धरून पुढे बघत राहिले.

"साहेब, रुकी है," मी म्हणाले.

"खबर ज ना पडी," ते म्हणाले, म्हणजे कळलंच नाही, आणि हात काढला.

नव्या प्लांटच्या पहिल्या दिवशी नवऱ्याची सेकंड शिफ्ट होती. "नुसता सोबत येतो, येताना मेन रोडपर्यंत चालत जाऊन बस धरीन," म्हणाला. खानवेलच्या रस्त्याला उतार, वळणं, मध्येच कंटेनर, मध्येच शेळ्या. मी माझ्या वेगाने चालवत होते, थांबायचं तिथे थांबत होते. शेजारी मात्र दर वळणाला धप्प असा आवाज यायचा. बघितलं तर त्याचा उजवा पाय पायपुसणीवर जोरात दाबलेला.

"तिथे पेडल नाहीये," मी म्हणाले.

"मला माहितीये."

पुढचं वळण आलं. धप्प.

"हवं असेल तर बनवून देते."

त्याने पाय मागे घेतला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, "रबराचं नको."