डाव्या चाकाचा दिवा
इंग्लंडात लिंकनशायरमधल्या हवाई तळाच्या कुंपणाला लागूनच विनी कॉडलिंगचं घर. नवरा गेल्यावर त्याचा स्कॅनर, विमानांचं रेडिओवरचं बोलणं पकडणारा डबा, तिने स्वयंपाकघरात पावाच्या डब्याशेजारी आणून ठेवला. घरात माणसांचे आवाज हवेत, एवढंच. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली ही बाई बटाटे सोलता सोलता वैमानिकांचं बोलणं ऐकायची. नावं कळत नसत, पण आवाज ओळखीचे झाले होते. त्यातला एक शेजारच्या रोरीचा. हे मात्र तिने त्याच्या बायकोला, हेझलला, कधी सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी तोच आवाज म्हणाला, "डाव्या चाकाचा दिवा लागत नाहीये."

विनीच्या हातातली सुरी थांबली. चाक उतरून पक्कं बसलं की तो हिरवा दिवा लागतो, एवढं ती ऐकून ऐकून शिकली होती. तळाच्या नियंत्रण मनोऱ्यातून उत्तर आलं, "मनोऱ्यासमोरून कमी उंचीवर एक फेरी मार, बघतो." मग, "चाक अर्धंच उतरलंय."

तेवढ्यात मागचं दार ढकलून हेझल आत आली. सातवा महिना, हातात विनीने दिलेल्या ॲपल पायचं रिकामं भांडं.

"विनी, तुमचा ॲपल पाय एकट्या रोरीनेच फस्त केला. मला चाखायलाही..."

विनीने बटणाकडे हात नेला, पण उशीर झाला होता.

"विमानाला झटका देऊन चाक उतरतं का बघतो," स्कॅनर बोलला.

हेझलचा चेहरा पांढराफटक पडला. "हा रोरी आहे."

"बस गं पोरी. बंद करते मी."

"हात लावू नका त्याला!"

बाहेर बंबांचे भोंगे सुरू झाले. विमान घरावरून गेलं तशा कपाटातल्या बशा खडखडल्या. हेझलने विनीचं मनगट असं आवळलं की नखं रुतली. दोघी नुसत्या ऐकत होत्या. त्या डबड्यातून उलट एक शब्द पाठवायची सोय नव्हती.

"आणखी एकदा," रोरी म्हणाला. मग नुसती खरखर.

"लागला. तिन्ही दिवे हिरवे."

तो उतरेपर्यंत हेझलने श्वास सोडला नाही. मग ती रडली, आणि रडता रडता भडकली. "रोज ऐकता तुम्ही हे? करमणूक म्हणून?"

विनीने चहा ठेवला. हेझल तो न पिताच गेली.

पुढे आठवडाभर स्कॅनर बंद होता. पण विमान वर गेलं की विनीचं कामातलं लक्ष उडायचं. शेवटी एका सकाळी हेझलच दारात उभी राहिली.

"लावा तो," ती खुर्ची ओढत म्हणाली. "घरी बसून नुसता विमानाचा आवाज ऐकण्यापेक्षा हे बरं."