ओहोटी नसलेलं बेट

"भर पावसात लहान मुलांना घेऊन तंबूत कोण राहतं?" सासूबाईंनी विचारलं. "आपण!" म्हणत मी बॅगा भरल्या. कारण होतं माझी सात वर्षांची ईरा. गेल्या पावसाळ्यात डहाणूच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरात खाडीचं पाणी शिरलं, तेव्हापासून पावसाचा आवाज आला की ती पलंगावर पाय वर घेऊन बसते. पोरीला तिचा पाऊस परत मिळवून द्यायचा, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

जागा मस्त सापडली. तलासरीच्या अलीकडे एका धरणाच्या पाण्यात टेकडी आहे, पावसाळ्यात तिचं बेट होतं. गंजाडच्या रस्त्याने हायवेला लागलो. शेवटचा पट्टा कच्चा आहे, गाडी दमानं चालवा. पाड्यावर गाडी लावली. सगळे भातलावणीला गेलेले, विचारायला कुणी नव्हतं. टेकडीकडे जाणाऱ्या वाटेवर घोटाभर पाणी होतं. ईरा बाबाच्या खांद्यावर, चार वर्षांचा ओम माझ्या कडेवर, असे पलीकडे पोचलो.

तंबू पाण्याजवळच ठोकला. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी आणि पोरांसाठी बोर्डीच्या सुकवलेल्या चिकूच्या फोडी. दुपारी पाऊस कोसळला आणि आमची वाट पाण्याखाली गेली.

नीलेश, म्हणजे माझा नवरा, मूळचा समुद्रकाठच्या आगर गावचा. घड्याळापेक्षा त्याचा भरतीवर भरवसा जास्त. त्याने काठावर एक काठी रोवली. "ही भरती आहे. संध्याकाळी ओहोटी लागली की पाणी उतरेल," म्हणाला आणि निवांत चहा ठेवला. मीही मान डोलावली. समुद्रकाठी जन्म गेल्यावर पाणी उतरणारच, हे अंगात मुरलेलं असतं.

ईरा मात्र काठीवर नजर लावून बसली होती. काठी बुडत बुडत दिसेनाशी झाली.

तेवढ्यात पलीकडून हाक आली. पाड्यावरच्या एक बाई, लखमीताई, शेतावरून परतत होत्या; त्यांनी आमची गाडी पाहिली होती.

"अवं, ही काय खाडी हाय? हा पानी दिवालीपातूर उतरायचा नाय! वर टेकाडावर झोपा, तिथं पानी येत नाय. सकाली आमचा मानूस होडी आनील!"

नीलेशचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण मला हसू येईना. ईरा माझा हात घट्ट धरून म्हणाली, "पाणी उतरणारच नाही?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण नाही बोलले. "नाही उतरणार. आपण वर जाऊ."

तिने स्वतःची उशी उचलली आणि पुढे चालायला लागली. रात्रभर तंबूवर पाऊस बडवत होता. पोरगी मधूनमधून उठून, "आलं का पाणी वर?" विचारायची, मग पुन्हा झोपायची. मलाही धाकधूक होत होती, ती मात्र सांगितली नाही.

सकाळी लखमीताईंचा नवरा होडी घेऊन हजर. निघताना ईराने एक हात पाण्यात सोडला आणि काठ येईपर्यंत वर काढला नाही.

जाणार असाल तर जरूर जा. पण आधी पाड्यावर कुणाला तरी भेटा, आणि समुद्राची अक्कल समुद्रावरच ठेवा.

घरी आल्यावर दोनच दिवसांत अंगणात पाणी साचलं. ओम घाबरून पलंगावर चढला. मी धावत खोलीत गेले, तर ईरा खाली, फरशीवर पाय टेकून उभी होती.

"घाबरू नको रे," ती त्याला सांगत होती, "आपल्याकडचं पाणी उतरतं."