खांबाजवळची मोजणी

आमच्या शहरात सिटी बस किती वेळा सुरू झाली आणि किती वेळा बंद पडली, हे विचारलं तर दहा जण दहा उत्तरं देतील. ठेकेदार यायचा, नव्या गाड्यांना हार पडायचे, पेढे वाटले जायचे, मग एकेक गाडी डेपोत जाऊन बसायची ती उठायचीच नाही. रस्ता पुन्हा रिक्षांचा. असं होता होता कोणाच्या तरी लक्षात आलं की नगर आता मोठं शहर झालंय, आणि मोठ्या शहराला बसचा शास्त्रशुद्ध आराखडा लागतो. शास्त्रशुद्ध आराखडा झाला. त्यातून केडगावातला आमचा थांबा उडाला.

नव्या नकाशावर बसची निळी रेघ पुणे रस्त्याने सरळ माळीवाड्याकडे जात होती. पूर्वी बस गावठाणातून एक वळसा घ्यायची, तो वळसा पुसलेला. रेघ फार सुबक दिसत होती. सुबक रेघ पाहिली की मला संताप येतो, कारण ती कोणाच्या तरी दारावरून जायची सोडून गेलेली असते.

या वेळी दार आमचंच होतं. पारनेरकडच्या गावातून शिकायला आले तेव्हापासून मी थोरल्या बहिणीकडे, म्हणजे ताईकडे, राहते. ताई सावेडीच्या एका दवाखान्यात वॉर्डात आया आहे. तिची ड्युटी सकाळी सातला लागते. दाजी दुधाच्या टँकरवर, ते पहाटे चारलाच निघून जातात, त्यामुळे सोडायला कोणी नाही. ताईच्या सासूबाईंनी नोकरीला होकार देतानाच अट घातली होती. नकाशा लागला त्या दिवशी त्यांनी ती पुन्हा बोलून दाखवली. "वस्तीतनं बस जाती तवर नोकरी. हायवेला पहाटं एकटीनं उभं राह्यचं न्हाई. बस गेली की नोकरी गेली, मी आधीच सांगून ठेवलंय."

ताई भाकरी थापत राहिली. मी बोलले. म्हणजे पत्रक लिहिलं.

पत्रक लिहायला मी कॉलेजातल्या संघटनेत शिकले. पहिल्या ओळीत आरोप, दुसऱ्या ओळीत मागणी, शेवटी इशारा. मी लिहिलं की हा आराखडा थंडगार खोलीत बसून रचलेला आहे, सर्वेक्षण झालेलंच नाही, कागदावरचे आकडे कागदावरच जन्मले. शंभर प्रती काढल्या, दुकानादुकानांत वाटल्या, आणि हरकतींच्या सुनावणीला तेच पत्रक उभं राहून वाचलं. टाळ्या पडल्या.

आराखडा करणाऱ्या इंजिनीअर बाई माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी आवाज चढवला नाही. फायलीतून तीन तक्ते काढले आणि माझ्याकडे फिरवून ठेवले. तीन सकाळी, सहा ते आठ, आमच्या थांब्यासमोरच्या प्रत्येक चौकटीत शून्य.

"तिथं कोणी उभंच राहत नाही," त्या म्हणाल्या. "एक दिवस मी स्वतः येऊन बसले होते."

"खोटं आहे," मी म्हणाले. भर सभेत.

"खोटं असेल तर दाखवून द्या. मंगळवारी पुन्हा मोजणी लावते. त्यानंतर आराखडा छपाईला जाईल, मग माझ्याही हातात काही नाही."

मी जिंकल्यासारखी घरी आले आणि ताईला सगळं सांगितलं. ती ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, "शून्य बरोबर हाय की."

"म्हणजे?"

"आम्ही थांब्याच्या खांबापाशी कुठं उभ्या राहतो? पिठाच्या गिरणीच्या पत्र्याखाली असतो सगळ्या. गाडी दिसली की हात करायचा. डायवरला ठाऊक हाय."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस कधी?"

नव्हतं विचारलं. मी सायकलवाली. ज्या बससाठी शंभर पत्रकं वाटली, तिच्यात सकाळी मी एकदाही चढले नव्हते. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

दुसऱ्या दिवशी मी गल्लीतल्या निवृत्त काकांना गाठलं. काकांनी जन्मभर सिटी बसमध्ये कंट्रोलरचं काम केलं. सकाळी चर्चला जाऊन आले की ते दारात खुर्ची टाकून बसतात. माझं ऐकून ते हसायला लागले.

"अगं, पहिले मार्ग काढले तेव्हा नकाशा कसला आणि आराखडा कसला. साहेबानं मला सायकल दिली आन म्हणाला, टांगे कुठं उभे राहतात ते बघून ये. घोडं जिथं पाणी पितं तिथं टांगा थांबतो, टांगा थांबतो तिथं माणूस येतो. सगळे हौद मी हिंडून पाहिले. तेच थांबे झाले. टांगे गेले, सहा आसनी रिक्षा आल्या, त्याबी तिथंच उभ्या राहिल्या. कोणी शिकवलं नव्हतं त्यांना."

"आणि आपला थांबा?"

"गिरणीपाशीच होता. रस्ता रुंद केला तेव्हा खांब उपटला, आणि परत रोवताना जिथं जमीन मऊ लागली तिथं रोवला. पानटपरीच्या तोंडासमोर. मी लिहून दिलं होतं की जागा चुकली. मग मी रिटायर झालो, आणि तो कागदही झाला असेल."

खांब हलला, बाया हलल्या नाहीत. त्या टपरीपुढे एक बाक आहे. पहाटेपासून त्यावर तंबाखू मळत बसलेले पुरुष असतात. मोजणीवाले बिचारे नियमाप्रमाणे खांबापाशी बसले, चौकटीत शून्य लिहीत राहिले, आणि पन्नास पावलांवर गिरणीखाली अख्खी बस भरेल एवढ्या बाया उभ्या होत्या.

मी इंजिनीअर बाईंना फोन केला. गिरणीपाशी मोजा म्हणाले. त्या म्हणाल्या, "मोजणी अधिकृत थांब्यावरच होते. तुम्हाला सूट दिली तर उद्या प्रत्येक जण आपल्या दारात मोजायला सांगेल." मी रागाने फोन ठेवला.

म्हणजे मंगळवारी खांबापाशी उभं राहायचं. सकाळी गिरणीखाली जाऊन मी हे सांगितलं तर एक बाई फणकारल्या, "त्या टपरीपाशी? ती माणसं रोज डोक्यापासनं पायापत्तर मोजत्यात आमाला. तेवढी मोजणी बास झाली."

सगळ्या हसल्या. हसून झाल्यावर कोणीच हो म्हणालं नाही.

मी घरी येऊन नवं पत्रक लिहायला बसले. ताईने कागद उचलला, घडी घातली आणि फळीवर ठेवून दिला. "पत्रक नको. संध्याकाळी माझ्यासंगं चल." ड्युटीवरून आल्यावर, चहासुद्धा न घेता, ती घरोघर गेली. भाषण नाही, काही नाही. "मी उभी राहनार हाय. तू ये," एवढंच. काहींनी दार लोटून घेतलं. काहींनी नवऱ्याला विचारते म्हणून सांगितलं. ताई पुढच्या घरी.

सोमवारी जेवताना तिने सासूबाईंना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"आन कोनी काय बोललं तर?"

"तर ऐकून घेईन. नोकरी गेली तर रोज घरात बसून ऐकायचंच हाय की."

मी ताटाकडे बघत बसले. या घरात सासूबाईंना असं उत्तर मी ऐकलं नव्हतं. त्या ताक प्यायल्या आणि उठल्या.

मंगळवारी मोजणीवाले दोघे सहाच्या आधीच येऊन बसले होते. ताई खांबाला पाठ लावून उभी राहिली. एकटी. बाकावरचे चौघे बोलायचे थांबले. टपरीवाला म्हणाला, "ताई, तिकडं गिरणीखाली थांबा की, इथं ऊन येईल."

"येऊ द्या," ताई म्हणाली.

गिरणीखाली बाया जमल्या होत्या आणि तिथूनच बघत होत्या. मी मधोमध उभी, ना इकडे ना तिकडे. तेवढ्यात गल्लीतून सासूबाई आल्या. नवं लुगडं, हातात पिशवी. त्या माझ्या शेजारून गेल्या, ताईच्या शेजारून गेल्या, आणि थेट बाकापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"सरक रं जरा."

चौघांतला एक सरकला. मग दुसरा उठलाच. टपरीवाला म्हणाला, "मावशी, ही गिऱ्हाइकाची जागा हाय."

"मग दे की तंबाकू. गिऱ्हाईकच हाय मी."

त्यांनी पुडी घेतली, बाकाच्या बरोबर मधे मांडी ठोकली आणि गिरणीकडे बघून हात केला, शेतातून बायांना जेवायला बोलावतात तसा. आधी फणकारलेल्या बाई निघाल्या. मग दोघी. मग एकदम सगळ्या. बाक रिकामा झाला आणि लगेच भरला. मोजणीवाल्याची चौकट संपली, त्याने तक्त्याच्या मागच्या बाजूला रेघा मारल्या. शेवटी तो सासूबाईंपाशी आला.

"आजी, तुम्ही प्रवासी का नुसत्या बसलाय?"

"प्रवासी."

"कुठं जाणार?"

"सून जाती तिथवर. लिही."

बस आली, सासूबाई खरंच चढल्या. सावेडीला जाऊन, दवाखान्याचं फाटक बघून, उलट्या गाडीने घरी परतल्या. "लांब हाय गं," एवढंच म्हणाल्या, आणि ताईच्या डब्यात त्या दिवसापासून दोन भाकऱ्या जास्त जायला लागल्या.

छापील आराखड्यात निळी रेघ केडगावाशी वाकते. पूर्वीसारखीच गावठाणातून वळसा घेऊन माळीवाड्याला निघते. सुबक दिसत नाही. मला फार आवडते.

इंजिनीअर बाई नकाशा घेऊन स्वतः आल्या. सभेतल्या शब्दाबद्दल मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "पत्रक चांगलं होतं. फक्त आधी सकाळी येऊन जायचं." मग बायांकडे वळून म्हणाल्या की आता खांब गिरणीपाशी हलवून देते, सावलीही मिळेल.

मला वाटलं आनंदाने हो म्हणतील. ताई म्हणाली, "खांब ऱ्हाऊ द्या. सावली इकडं आना."

बाईंनी लिहून घेतलं. पत्र्याचा निवारा बसायला वेळ लागला, तेवढे दिवस बाया डोक्यावर पदर घेऊन खांबापाशीच उभ्या राहिल्या, एकही परत गिरणीखाली गेली नाही. आता बस बरोबर खांबाशी थांबते, हात करावा लागत नाही, आणि ताई सातच्या आत वॉर्डात असते.