आषाढात घेतलेल्या दोन हिरव्या साड्या

दिवाळीची खरेदी दिवाळीत करणारी माणसं मला वेडी वाटतात. भाऊबीजेच्या साड्या मी आषाढातच घेते, कामणच्या एका गोदामातून. तेव्हा तिथे गिऱ्हाईक फिरकत नाही आणि मालक निमूट घासाघीस ऐकून घेतो. "एक दिवस तो माणूस तुझ्यापायी धंदा सोडेल," असं आमचे हे म्हणतात. म्हणू देत बापडे.

मला नणंदा दोन. थोरली ह्यांच्याहून मोठी, धाकटी लहान. दोघींना साड्या अगदी एकसारख्या लागतात, रंगसुद्धा तोच, नाहीतर फुगून बसतात. त्या वर्षी दोन हिरव्या आणल्या आणि कपाटात वर ठेवून दिल्या.

भाद्रपदात थोरली गेली. सकाळी चहा गाळताना खाली बसली ती उठलीच नाही. सवाष्ण गेली, म्हणजे अंगावर माहेरची हिरवी साडी पडायला हवी. आमच्या फुलपाड्यातली दुकानं अजून उघडायची होती आणि तिच्या सासरी सगळे खोळंबले होते. इकडे माझ्या सासूबाई भिंतीला टेकून एवढंच म्हणाल्या, "कपाटातली घे गं." घेतली. मीच नेसवली तिला. आणि निऱ्या घालताना मेलं मन काय म्हणत होतं, तर कापड चांगलं निघालं!

दुसरी साडी कपाटातच राहिली. दार उघडलं की मी ते लगेच लोटून घ्यायचे. ती कुणाची तरी वाट बघतेय असं वाटायचं. "कोरी साडी आहे, काय झालंय तिला?" हे म्हणाले. मी खेकसलेच. धाकटीला ती द्यायची आणि तिलाही काही झालं तर? जन्मात पहिल्यांदा मी दिवाळीच्या तोंडावर दुकानात गेले, निळी साडी घेतली आणि सांगतील तो भाव दिला.

भाऊबीजेला धाकटी आली. निळीची घडीसुद्धा मोडली नाही तिनं.

"वहिनी, ताईला नेसवलीस तिच्या जोडीची कुठंय? आम्हाला सारख्याच आणतेस ना?"

"अगं, ती नको. सणासुदीला अशुभ..."

"माझ्या ताईचं कसलं गं अशुभ?" म्हणाली, आणि स्वतःच कपाट उघडलं.

ती नेसून बाहेर आली, थेट थोरलीच. तोच बांधा, पदर खोचायची तीच तऱ्हा. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. धाकटीनं ओवाळलं. एरवी ओवाळून झालं की ती ह्यांच्या पाया पडायची, आणि हे थोरलीच्या. या वेळी ती ताट घेऊन तशीच उभी राहिली. हे पाटावरून उठले, वाकले, आणि धाकट्या बहिणीच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं.

मला वाटलं, ती दचकून मागे सरेल. सरली नाही. तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा रे बाळा," म्हणाली.

ह्यांना बाळा म्हणणारी एकच बहीण होती, आणि तिला मी माझ्या हातांनी नेसवून पाठवलं होतं.