मागाचा खड्डा अन् सायबाचा फोन

उमरेडचं आमचं जुनं घर विकायले निघालं तेव्हा त्याच्यात विकण्यासारखं सागवान होतं, अन् न विकण्यासारखे मोठेबाबा. मोठेबाबा म्हणजे माह्या बाबाचे मोठे भाऊ. समोरच्या खोलीत जमिनीत खणलेला खड्डा, खड्ड्यात पाय, पुढे हातमाग. अर्धं आयुष्य हा माणूस कमरेपर्यंत जमिनीत गाडलेला. लग्न केलं नाही. आई म्हणे, "झालं ना लगन त्यायचं. लाकडासंग." आमची आई बोलायले गोड आहे.

सही दोघा भावांची लागत होती. बाबा पेन खिशात घेऊनच फिरत. मोठेबाबा म्हणत, "वीक ना गा घर. मी कुठं नाही म्हणून राहिलो? पण माग कुठं नेऊ? लाकडं खोलून नेता येते. खड्डा कसा नेऊ?"

"नागपूरले आमच्याकडे राहा ना, दादा."

"तू दुसऱ्या माळ्यावर राहतं. तिथं खड्डा खणला तं माहे पाय खालच्याच्या ताटात पडन."

गिऱ्हाईक आलं की मोठेबाबा भांडत नसत. फक्त माग थांबवत नसत. खटाक खट, खटाक खट. एकानं पाण्याचं कसं आहे म्हणून तीनदा विचारलं, चौथ्यांदा स्वतःलेच काही ऐकू आलं नाही, गेला. एक बाई सुताच्या खळीच्या वासानं नाकाले पदर लावून आली अन् पदर लावूनच परत गेली. मी या सगळ्यायच्या नकला करत होतो. उमरेडच्या शाळेत होतो तोवर मी दुसरं काही शिकलोच नाही. हेडमास्तरचा आवाज काढून एकदा अख्ख्या शाळेले सुट्टी देली होती. बाबानं त्याच्यासाठी मले मारलं, अन् पाहुणे आले की मलेच उभं केलं. सगळ्यात जास्त हसत मोठेबाबा, सुताचा धोटा हातात धरून. "आवाज तं कोणीबी काढते बे," ते म्हणत, "तू माणसाचा दम पकडतं, कुठं श्वास घेते ते. त्या नाकवालीचं कर एकदा अजून."

आता अमावास्येची गोष्ट. आमच्या घरी अमावास्येले माग चालत नाही. त्या दिवशी मोठेबाबा लाकडाले तेल लावत, उदबत्ती लावत, धोट्याले हात लावत नसत. बाबानं डोकं लावलं अन् शेजारच्या लॉनवाल्याले बरोबर अमावास्येले घरी आणलं. त्याच्या लॉनवर लग्नं लागते, त्याले पार्किंग पाहिजे होती. तो खोलीत पावलं मोजत फिरला. "चार गाड्या आरामात बसते इथं," म्हणे. "हा गड्ढा फक्त बुजवा लागन."

मोठेबाबानं तेलाची वाटी खाली ठेवली. "निघा," म्हणाले. एवढंच.

नागपूरले घरी आल्यावर बाबा माह्यावर घसरले. "एवढ्या नकला करतं, कधी घराच्या कामी आलं का बे तुहं तोंड?"

आलं ना. मी नवीन सिम घेतलं अन् एक साहेब तयार केला. पुण्याकडचा, रिटायर, बोलणं धुतलेलं, इस्त्री केलेलं. मोठेबाबाले फोन लावला.

"नमस्कार. मला जुनी घरं फार आवडतात हो. आमचं कोकणात होतं, अगदी समुद्राकाठी. विकलं, आणि चुकलो."

मी समुद्र पाहिला नाही. नागपूरच्या फुटाळा तलावावर बसून भुट्टा खाल्ला, तेवढाच माहा किनारा.

मोठेबाबा म्हणे, "आवाज येत असन ना पाण्याचा? झोप कशी लागे तुम्हाले?"

"उलट तो थांबला की जाग यायची."

"माह्या मागाचं तसंच आहे, साहेब."

झालं. मासा गळाले लागला. मी सांगितलं, घर मी घेतो, माग आहे तिथंच राहील, तुम्ही केव्हाही या, बसा, विणा. फक्त सहीच्या दिवशी मला येणं जमत नाही, म्हणून तो लॉनवाला माझ्यातर्फे व्यवहार करेल. बाजूले बाबा तोंडात रुमाल कोंबून हसत होते. आईनं मले दोन पोळ्या जास्त वाढल्या.

मोठेबाबानं सही केली. वरून लॉनवाल्याले सांगितलं, "सायबाले म्हणा, पावसाळ्यात खड्ड्यात ओल येते. राख टाकत जा." तो मुंडी हालवत होता.

तिसऱ्या दिवशी जेसीबी लागला. मी पाहायले गेलो होतो. सागवान ट्रकात गेलं. माग जुना, किडलेला, त्याले कोणी घेईना. लॉनच्या आचाऱ्यानं भट्टीत टाकला. त्या दिवशी तिथं कोणाचं तरी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, बुंदी चांगली झाली होती. मी खाल्ली. खड्डा तं जेसीबीच्या एका फावड्यात, विटामातीनं भरला.

मोठेबाबा सहीच्याच दिवशी आमच्याकडे नागपूरले आले होते, गॅलरीत खाट टाकून. बाबानं त्यायले सांगितलं की साहेब घर रंगवून राहिले, इतक्यात जाऊ नका, चांगलं दिसत नाही. मग मोठेबाबा दर रविवारी दुपारी सायबाले फोन लावत. खाली गॅलरीत ते, वर गच्चीवर मी, टाकीच्या मागं. दोस्त आले असले तं स्पीकर चालू.

"साहेब, माग कसा आहे?"

"उत्तम. मीही थोडं शिकतोय. पाय मात्र दुखतात."

"डाव्या पायानं जोर कमी द्या. कसं आहे, ते लाकूड मऊ आहे."

दोस्त लोटपोट. मले चिप्स खाऊ घालत. मले वाटे, आपलं तं फुल्ल करिअर आहे याच्यात.

असे सात-आठ रविवार गेले. मग एका रविवारी त्यायनं विचारलं, "आज चालवला का, साहेब?"

मी आपला रंगात. म्हणलं, "छे हो, आज कसा चालवणार? अमावास्या ना."

पलीकडून फक्त दम. पुण्याच्या रिटायर माणसाले अमावास्येचं कोणं सांगितलं? मी तं सांगितलं नव्हतं. मोठेबाबानंही नाही. ते माहा साहेब नाही, उमरेडच्या घरातलं पोट्टं बोललं होतं.

"बरोबर आहे," मोठेबाबा म्हणाले, अन् फोन ठेवला.

खाली गेलो तं ते वरणभात खात होते. माह्याकडे पाह्यलं नाही. आईले अजून वरण मागितलं. मले वाटलं, सुटलो. म्हातारा माणूस, लक्षात कायचं येते.

पुढच्या रविवारी बरोबर त्याच टायमाले फोन वाजला. दोस्त नव्हते. मी टाकीमागं बसलो.

"साहेब," मोठेबाबा म्हणाले, "तुमचं ते समुद्राकाठचं घर. घेणाऱ्यानं ठेवलं का पाडलं?"

मी ठेवलं म्हणू शकत होतो. पण ते दम धरून होते, अन् तो दम मले पाठ आहे.

"पाडलं," मी म्हणलं. सायबाच्याच आवाजात. दुसरा आवाज निघालाच नाही.

"कोण्या दिवशी?"

"सहीनंतर तिसऱ्या दिवशी."

"अन् लाकडं?"

"भट्टीत गेली."

"तुम्ही तिथं होते?"

"होतो."

बुंदीचं त्यायनं विचारलं नाही. विचारलं असतं तं तेही सांगितलं असतं.

"चांगलं बोलता तुम्ही, साहेब," ते म्हणाले. "अगदी खऱ्या माणसासारखं."

फोन कटला. दोन मिनिटं गच्चीवर फक्त टाकीत पाणी पडत होतं. मग खालून, गॅलरीतून, मोठेबाबाची हाक आली, फोनबिनाची, सरळ.

"खाली ये गा. जेवण थंडं होऊन राहिलं."

मी "आलो" म्हणायले तोंड उघडलं, अन् सायबाचाच आवाज निघाला.