दार लावून लिहायला लालबागला

मे महिन्यात अर्धं लालबाग कोकणात जातं. मी पुण्याहून लालबागला गेलो. हवापालट म्हणून नव्हे. मे महिन्यात मुंबईची हवा पालटत नाही, नुसती चिकटते. मी गेलो तो एक कादंबरी संपवायला.

कादंबरीत दोन जावा आहेत. लालबागच्या चाळीत शेजारशेजारच्या खोल्यांत राहतात आणि एका भांडणानंतर एकमेकींशी बोलणं टाकतात. शेवटच्या प्रकरणात त्यांना बोलतं करायचं होतं, आणि बायका ऐकेनात. थोरलीला इस्पितळात भरती करून पाहिलं. धाकटीच्या मुलीचं लग्न लावलं. दोघींनी मांडवातही माना फिरवल्या. शेवटी प्रकाशकांचा फोन आला, "सुट्टीनंतर द्या. नाहीतर राहू द्या." ते 'राहू द्या' इतक्या मायेनं म्हणाले की मला घाम फुटला.

माझा मित्र सतीश लालबागचाच. तो म्हणाला, "आम्ही गावाला चाललोय, खोली रिकामी आहे. चावी शेजारच्या सावंतकाकींकडे. तुला शांतता मिळेल." शांतता हा शब्द सतीशनं नुसता ऐकलेला असावा.

ज्यांना असं जायचं असेल त्यांच्यासाठी: पुण्याहून एसटी घ्या, दादरला उतरा, तिथून टॅक्सी. सामान कमी ठेवा, चाळीचे जिने उभे असतात. मी मूर्खासारखी सुट्टीतल्या वाचनाची वेगळी पिशवी नेली होती: एका बर्फाळ देशातली जाडजूड अनुवादित कादंबरी, दोन कथासंग्रह, आणि एका मित्राचं आत्मचरित्र, जे वाचलंय असं मी त्याला आधीच सांगून बसलो होतो.

पहिल्या दुपारी जेवून मी दार लावलं, पंखा पाचावर केला आणि कागद पुढे ओढले. दारावर थाप. सावंतकाकी.

"ताप इलो काय तुका?"

"नाही काकी, लिहितोय."

"मगे दार कित्याक लावलंस?"

मी एकाग्रतेबद्दल काहीतरी बोललो. काकींनी ते आजाराचं नाव समजून ऐकलं आणि वाडगाभर पेज आणून दिली. मी पेज प्यालो, पुन्हा दार लावलं. पुन्हा थाप. समोरच्या खोलीतले कांबळे, विमा कंपनीत अधिकारी, रजेवर. "काकी म्हणाल्या, तुमचं काहीतरी बिनसलंय. घरी वहिनींशी ठीक ना सगळं?" त्यांची नजर माझ्या पुस्तकांच्या पिशवीवर गेली आणि ती बर्फाळ कादंबरी घेऊनच ते परतले. तिसऱ्यांदा दार लावलं तेव्हा थेट कोकणातून सतीशचा फोन. "अरे, काकींचा फोन आला होता. तू दार लावून काय करतोयस?"

दुसऱ्या दिवशी मी गिरगावात पळालो. खोताच्या वाडीत सकाळी लवकर जा. लाकडी घरं, जिन्याखाली झोपलेली मांजरं, आणि फोटो काढणाऱ्यांना कंटाळलेले रहिवासी. तेव्हा फोटो विचारून काढा. दुपारी फणसवाडीच्या बाजूला एका खानावळीत वालाचं बिरडं आणि सोलकढी घेतली. खिसा जाणवत नाही, पोट जाणवतं. मग चौपाटीवर सावली शोधून मित्राचं आत्मचरित्र उघडलं. त्याचं बालपण फार लांबलं होतं. कादंबरीची मात्र एक ओळ लिहून झाली नाही.

तिसऱ्या दिवशी मी शरण गेलो आणि दार उघडं टाकलं. काकी लगेच सूप घेऊन उंबऱ्याशी बसल्या, तांदूळ निवडायला. कांबळेही खुर्ची ओढून आले.

"आता कसा माणसासारखा वाटता," काकी म्हणाल्या. "आमच्या मजल्यावर दिवसाचा दार कोण लावणा नाय. लागला की समजायचा, आत कायतरी झालाहा. मी एकदा लावलंलंय."

"कधी?"

"जावेशी वाजला तेव्हा. ती बाजूच्याच खोलयेत. तिना दार लावल्यान, मगे मी पण लावलंय. उकाड्यान जीव गेलो, पण उघडूक नाय."

माझ्या हातातलं पेन थांबलं. माझ्या कादंबरीतल्या जावा इतकी प्रकरणं भांडत होत्या आणि दोघींची दारं सताड उघडी होती. पुण्यात राहून लिहिलं की असं होतं. आमच्याकडे दार बंद असणं म्हणजे सगळं सुरळीत.

"मग बोलणं सुरू कसं झालं?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"तिच्या बांगड्याच्या कढीचो वास इलो. तिरफळा घालूक इसारली होती. माका ऱ्हवला नाय. गेलंय, दार वाजवलंय, सांगितलंय."

"काकी, खोटं बोलू नका," कांबळे म्हणाले. "मी लहान होतो, पण ऐकलंय. तुम्ही तिला सांगायला नाही, भांडायला गेला होतात. अख्खा मजला गोळा झाला होता."

"होय तर," काकी तांदळातला खडा गॅलरीबाहेर टाकत म्हणाल्या. "भांडूक बोलूचा लागता मां?"

मी कांबळ्यांकडे पाहिलं, कांबळ्यांनी माझ्याकडे. मग मी इस्पितळातून थोरलीला घरी आणलं, धाकटीच्या मुलीचं लग्न मोडलं आणि लिहायला बसलो. उघड्या दारात. जाणारा येणारा विचारत होता, "झालं का?" आणि मी मान हलवत होतो. शेवटच्या पानावर दोन दारं उघडली आणि दोन बायका कडाडून भांडल्या. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

निघताना काकींनी तिरफळांची पुडी दिली. कांबळ्यांनी बर्फाळ कादंबरी परत करायला काढली. मीच ठेवून घ्या म्हटलं. त्यांची संपत आली होती, माझी सुरूही झाली नव्हती.

पुण्याला आल्यावर शेवटचं प्रकरण प्रकाशकांना पाठवलं. त्यांनी 'घेतो' एवढंच कळवलं. त्यांच्या मानाने ते भाषण होतं. त्या दुपारी मी फ्लॅटचं दार मुद्दाम उघडं ठेवून बसलो. थोड्या वेळानं समोरचे जोशी डोकावले. आमची ओळख लिफ्टपुरती. चेहरा गंभीर, आवाज खाली.

"दार उघडं दिसलं... काही झालंय का?"

"हो," मी म्हटलं. "कादंबरी. आत या, चहा टाकतो."

जोशी चपला काढून आत आले. येता येता, सवयीनं, त्यांनी दार लावून घेतलं. मी उठून पुन्हा उघडलं.