‘लीड’ म्हणून आलेली माणसं

थेरगावात डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत, हार्डवेअरच्या दुकानावर माझं स्पीच थेरपीचं क्लिनिक आहे. दोन खोल्या. आतल्या खोलीत मुलं आणि मी, बाहेरच्या खोलीत आया, पिशव्या आणि चपलांचा ढीग. जी मुलं उशिरा बोलतात, अडखळत बोलतात, ज्यांना कमी ऐकू येतं, त्यांच्याबरोबर मी काम करते. खालचा दुकानदार अजूनही येणाऱ्यांना सांगतो, “वर बोलायला शिकवायचा क्लास आहे.” पहिली काही वर्षं मी त्याला दुरुस्त करत होते. नंतर सोडून दिलं.

माझ्याकडे बहुतेक मुलं पाठवायचे ते जवळचे बालरोगतज्ज्ञ म्हातारपणी मुलाकडे बाणेरला राहायला गेले आणि दवाखाना बंद झाला. त्यांच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. हळूहळू माझ्या सकाळी रिकाम्या जायला लागल्या. मी खेळणी धुवायची, चित्रांची कार्डं लावून ठेवायची, खिडकीतून रस्ता बघत बसायची.

नवरा चाकणला एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. तो म्हणाला, “अगं, लोक आता डॉक्टरला विचारत नाहीत, मोबाइलला विचारतात. तू तिथे दिसतच नाहीस.”

मग मी दिसायचं ठरवलं. रविवारी दुपारी बसून पोस्ट बनवायला लागले. ॲपमध्ये मराठी लिहिलं की जोडाक्षरं तुटायची. ‘उच्चार’चा ‘उच् चार’ व्हायचा. ते जमलं की चित्र मापात बसायचं नाही. अख्खी दुपार घालवून एक पोस्ट व्हायची आणि तिला माझ्या दोन नणंदा आणि कॉलेजची एक मैत्रीण एवढ्यांचेच अंगठे यायचे. मैत्रीण तर पोस्ट काय आहे ते न वाचताच हात जोडलेलं चित्र टाकायची. तीन-चार महिन्यांत त्या पोस्ट बघून एकही मूल आलं नाही. माझी चिडचिड घरात सगळ्यांवर निघायला लागली.

“हे काम बाहेर देऊन टाक,” नवरा म्हणाला. “आमच्याकडे कँटीन बाहेरचं, सिक्युरिटी बाहेरची, बसगाड्या बाहेरच्या. ज्याचं काम त्यानं करावं.”

मला ते पटत होतं आणि नव्हतंही. माझ्याकडे कोण येतं, का येतं, काय मनात घेऊन येतं, हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार? निगडीत माझ्याच बॅचची एक मैत्रीण प्रॅक्टिस करते, तिला विचारलं. ती म्हणाली, “देऊन टाक. मी केव्हाच दिलंय. फक्त ते काय टाकतात ते बघत जाऊ नकोस, बीपी वाढेल.” मी हसले. ती हसली नव्हती.

वाकडच्या एका काचेच्या इमारतीत अशी कामं घेणाऱ्या जाहिरातवाल्यांचं ऑफिस होतं. एका तरुणाने कॉफी दिली आणि विचारलं, “मॅम, तुमच्या कस्टमरचा पेन पॉइंट काय? म्हणजे, नेमकी अडचण?”

“मुलं बोलत नाहीत,” मी म्हटलं.

“परफेक्ट,” तो म्हणाला आणि लॅपटॉपवर टाइप केलं.

त्याला मुलांचे आधीचे आणि नंतरचे व्हिडिओ हवे होते. मूल आधी गप्प, नंतर बोलतंय. मी नाही म्हटलं. कुठल्याही मुलाचा चेहरा दिसणार नाही, ‘बरं करू’ हा शब्द कुठे येणार नाही आणि प्रत्येक पोस्ट टाकण्याआधी मला दाखवायची, अशा माझ्या अटी होत्या. “हंड्रेड पर्सेंट, मॅम,” तो म्हणाला. परत येताना स्कूटरवर मागे बसून मी नवऱ्याला म्हटलं, “त्याने एवढ्या लवकर हो म्हणायला नको होतं.” त्याला वाऱ्यात ऐकू आलं नसावं.

क्लिनिकच्या वेळा आणि आयांचे नंबरही त्यांच्या सिस्टीमवर गेले. पहिले काही आठवडे पोस्ट दाखवल्या जात होत्या. त्यात सोनेरी केसांचं परदेशी बाळ आणि वर इंग्रजी ओळ. मी म्हटलं, माझ्याकडे काळेवाडी, रहाटणी, चाकणहून लोक येतात, मराठीत लिहा. मग मराठी आलं: ‘आपल्या मुलाचा आवाज अनलॉक करा.’ मी ते खोडून नीट लिहून दिलं. पुढची पोस्ट, पुन्हा तेच. तिथली माझं खातं सांभाळणारी मुलगी स्वभावाने चांगली होती, बिचारी. ती म्हणाली, “मॅम, मी नाही लिहीत, सॉफ्टवेअर भाषांतर करतं. मी फक्त पेस्ट करते.” म्हणजे माझी रविवारची दुपार पुन्हा गेलीच. पूर्वी ती स्वतःचं लिहिण्यात जायची, आता दुसऱ्याचं दुरुस्त करण्यात.

आणि मग एका सोमवारी फोन वाजायला लागला, तो थांबेचना.

सगळ्या आयाच होत्या. आवाज घाबरे. “मॅडम, आमचं दीड वर्षाचं आहे, उशीर झाला का हो?” “मॅडम, तो फक्त सात-आठच शब्द बोलतो, आज दाखवलं तर चालेल का?” शेवटी एकीला मी विचारलं, तुम्हाला हे कोणी सांगितलं? तिने मला जाहिरात पाठवली. माझ्याच क्लिनिकची. ‘तुमचं मूल अजून बोलत नाही? धोका आजच ओळखा. उद्या उशीर झालेला असेल.’ खाली लाल बटण: वेळ घ्या.

ही मला कोणी दाखवली नव्हती.

त्याच आठवड्यात मारुंजीहून एक जोडपं आलं. दोघंही आयटीत. आईची बाळंतपणाची वाढवलेली रजा संपून ती नुकती कामावर गेली होती. बाळ जेमतेम वर्षाचं. ते चटईवर बसून डब्याचं झाकण जमिनीवर आपटत होतं, पंख्याकडे बोट दाखवून ‘फॅ’ म्हणत होतं, आवाज आला की मान वळवत होतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि दोन मिनिटांत मला कळलं की याला काहीही झालेलं नाही. पण आईला ते नुसतं सांगून भागणार नव्हतं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

“मी कामावर गेले म्हणून झालं का हो हे?” ती म्हणाली आणि रडायला लागली. तिचा नवरा तिच्या पाठीवर हात ठेवून भिंतीकडे बघत राहिला.

मग मी सगळं नीट तपासलं. कान, नजर, खाणं, हावभाव. वर्षाची मुलं काय काय करतात ते एकेक करून तिला सांगितलं, आणि तिचं बाळ ते सगळं करतंय हे दाखवलं. ती शांत होईपर्यंत मी उठले नाही. जाताना तिने माझे आभार मानले, ते मला फार लागले. तिला घाबरवलं माझ्याच नावाने होतं आणि आभारही मलाच मिळत होते.

त्यांना सोडायला बाहेर आले तर बाकावर माझी नेहमीची मुलगी नव्हती. चार वर्षांची पोर. तिचे वडील चाकणला प्रेस शॉपमध्ये पत्र्याच्या मशीनवर, आई तिथेच एका कंपनीत पॅकिंगला. लातूरकडचं कुटुंब. आई अर्धी सुट्टी टाकून, भोसरीला बस बदलून तिला दर आठवड्याला आणायची. वर्षभर त्या पोरीने एक शब्द काढला नव्हता, आणि नुकतीच ती दोन शब्द जोडायला लागली होती. ‘दे पाणी.’ ‘आई चल.’ अशा वेळी आठवडा चुकवायचा नसतो.

बाकावर बसलेल्या दुसऱ्या बाईने सांगितलं, “त्या गेल्या की. त्यांच्या मोबाइलवर इंग्लिशमध्ये मेसेज आला होता, मलाच वाचायला दिला. तुमची वेळ बदललीय, असं होतं त्यात.”

मी तिथेच उभी राहून वाकडच्या ऑफिसला फोन लावला.

“मॅम, रिझल्ट बघा ना,” तो तरुण खुशीत म्हणाला. “या वीकला लीड्स, म्हणजे एन्क्वायरी, केवढ्या आल्यात!”

“त्या लीड नाहीत, माणसं आहेत.”

“येस मॅम. कन्व्हर्ट झाली की पेशंट.”

“माझ्या जुन्या मुलीची वेळ कोणी बदलली?”

“सिस्टीमने, मॅम. नवीन बुकिंगला फर्स्ट प्रेफरन्स असतो. डिफॉल्ट आहे ते.”

“आणि ती जाहिरात? मला दाखवायची ठरली होती ना?”

“मॅम, साधं लिहिलेलं चालत नव्हतं. हे चाललं.”

त्या दिवशी पहिली शिफ्ट करून नवरा संध्याकाळी घरी आला, तेव्हा मी भाजी चिरत होते आणि सुरी जरा जोरात चालत होती. सगळं सांगितलं. तो बूट काढत म्हणाला, “फोन येत नव्हते तेव्हा रडत होतीस. आता येतायत, तर हे.”

मला इतका राग आला, कारण त्याचं अगदीच चूक नव्हतं. मी म्हटलं, “तुमच्या कँटीनवाल्याने उद्या गेटवर बोर्ड लावला, घरचा डबा खाल तर मराल, तर चालेल का रे तुम्हाला? जेवणारे वाढतील की.”

त्याने बूट कोपऱ्यात ठेवले आणि म्हणाला, “बंद कर मग. पण मग हे सगळं तूच करणार का?”

मी उरलेली भाजी चिरायला घेतली.

बंद करायचं म्हटलं तर तेही सोपं नव्हतं. क्लिनिकचं ऑनलाइन पान त्यांच्या खात्यातून उघडलेलं, पासवर्ड त्यांच्याकडे. “प्रोसेस आहे मॅम, करतो.” मी रोज फोन करायची, ते रोज करतो म्हणायचे, आणि जाहिरात तोपर्यंत चालूच. रोज नव्या घाबरलेल्या आया. मी प्रत्येकीला फोनवरच चार प्रश्न विचारायची आणि निम्म्याहून जास्त जणींना सांगायची, येऊ नका, काही झालेलं नाही. काहींचा विश्वासच बसायचा नाही. एक तर म्हणाली, “तुमच्या जाहिरातीत तर तसं लिहिलंय.”

शेवटी नवऱ्याने एक दिवस सुट्टी टाकली आणि आम्ही दोघं वाकडला गेलो. तो कंपनीत नापास झालेला माल परत पाठवतो तेव्हा जसा बोलत असेल तसा, आवाज न चढवता म्हणाला, “जाहिरात बंद होऊन पान हिच्या नावावर आलं, की आम्ही जाऊ. तोवर इथेच बसतो.” कॉफी आली, त्याने घेतली नाही. तासाभरात काम झालं. ते तासाभराचंच काम होतं.

चाकणच्या त्या आईला मी फोन केला. घरात एकच फोन, तो त्या दिवशी वडिलांकडे होता आणि ते शिफ्टला. दुसऱ्या दिवशी तिचाच आला.

“तुम्ही त्या दिवशी परत का गेलात?” मी विचारलं. “दार वाजवायचं ना.”

“मेसेज आलता ना, मॅडम. अन् आत मोठी लोकं होती. मला वाटलं, मॅडमकडं आता लई जण येऊलालेत, आपलं कशाला मधात.”

“तुमची वेळ मी नव्हती बदलली.”

“असू द्या हो,” ती म्हणाली. तिने माझी समजूत काढावी, याचाच मला जास्त त्रास झाला. तिला पुढची सुट्टी लगेच मिळेना. सुपरवायझर ऐकत नव्हता. मी रविवारी या म्हटलं, तर रविवारी ओव्हरटाइम. यायला महिना गेला.

आली तेव्हा पोर आईच्या ओढणीमागे लपली. मी पाण्याचा पेला हातात धरून वाट बघत बसले. तिने ‘दे’ म्हटलं नाही. नुसता हात पुढे केला, पूर्वीसारखा. आई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “येईल. होतं असं मधे.” आणि साबणाचे फुगे काढले, जिथून आम्ही वर्षापूर्वी सुरुवात केली होती. हळूहळू येतेय ती परत. ‘दे’ आलाय. दोन शब्द अजून जुळलेले नाहीत.

आता मोबाइलच्या नकाशावरचं माझं नाव, पत्ता, वेळ हे नवरा बघतो. वेळा मी स्वतः फोनवर देते, मराठीत किंवा हिंदीत, आणि देताना मुलाबद्दलचं निम्मं ऐकून घेते. सकाळ अजून भरत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा निगडीत एका शाळेत जाते. मैत्रिणीचं क्लिनिक तिथून जवळच आहे आणि भरलेलं असतं. तिची जाहिरात मी बघितलेली नाही. ती मला वेडी म्हणते आणि एखाद्या रिकाम्या सकाळी मलाही तसंच वाटतं.

परवा एक पोस्ट लिहायला बसले. काय लिहावं कळेना. ‘घाबरू नका’ लिहिलं, तर ज्यांनी आजच यायला हवं ते सहा महिने थांबतील. अशी मुलं मी बघितली आहेत, ज्यांना ‘बोलेल हो, बापही उशिरा बोलला होता’ म्हणून घरी ठेवलं आणि मग फार जड गेलं. ‘उशीर करू नका’ लिहिलं, तर मारुंजीच्या त्या आईसारखी कोणीतरी पुन्हा झोप घालवून बसेल. म्हणजे त्या वाकडवाल्यांचं वाक्य सगळंच खोटं नव्हतं, आणि हेच मला सगळ्यात जास्त डाचतं. एका ओळीत दोघींशी खरं बोलायचं, तर ती ओळ लांब होते, आणि लांब ओळ कोणी वाचत नाही.

नवरा शेजारी पेपर वाचत होता. म्हणाला, “टाक की आता. किती वेळा वाचशील?”

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि निम्मं पुसलं.